पापडाच्या जोराचं इंजिन

भाईंदरच्या हवेला बाहेरच्या माणसाने नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. मी ठेवलेली चालतात. मी मोरव्याची, इथल्याच कोळ्यांच्या गावातली. या हवेने आमच्या खिडक्यांचे गज खाल्लेत, कपाटाच्या बिजागऱ्या खाल्ल्यात, वडिलांची सायकल तर उभीच्या उभी खाल्ली, तेव्हा तिला शिव्या द्यायचा हक्क माझा आहे. एकीकडे खाडी, दुसरीकडे समुद्र आणि मध्ये मिठागरं. लोखंड उघडं राहिलं की बघता बघता लाल होतं. म्हणून इथला कारखान्यातला माणूस संध्याकाळी घरी जायच्या आधी एक काम न चुकता करतो. तेलाचं फडकं घेतो आणि दिवसभर केलेल्या मालावरून फिरवतो. हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. घरात दिवा लावतात तसं ते होऊन जातं. पुढे आमच्याकडे जे रामायण झालं, ते या फडक्यापायीच झालं.

मी भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात काम करते. खाली स्टीलच्या डब्यांना पॉलिश करतात, शेजारी लेथवर माल कापतात, आणि मधल्या मजल्यावर आम्ही उपग्रहाची इंजिनं बनवतो. हे ऐकलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आग आणि धूर येतो. तसलं काही नाही. रॉकेट उपग्रहाला वर सोडून देतं, तिथून पुढे त्याला जागेवर ठेवायला, कक्षा बदलायला जे इंजिन लागतं, ते आमचं. आकाराने बशीएवढं. पांढऱ्या सिरॅमिकची एक गोल खाच, साधारण डोक्यावर टोपली घ्यायला चुंबळ करतात तशी. खाचेच्या तळाशी स्टीलचं कडं, त्याला बारीक भोकं. त्या भोकांतून झेनॉन नावाचा वायू येतो. विजेच्या जोरावर त्याचा प्लाझ्मा होतो, म्हणजे अणूंतले इलेक्ट्रॉन सुटून त्यांच्यावर विद्युतभार येतो, आणि तीच वीज त्यांना बेफाम वेगाने मागे फेकते. ते मागे जातात, उपग्रह पुढे जातो. यात काही जळत नाही. फक्त हे सगळं हवेत होत नाही, पोकळीतच होतं. त्यामुळे चाचणीसाठी एक मोठी स्टीलची टाकी लागते, जिच्यातली हवा पंपांनी ओढून काढायची.

ही टाकी, म्हणजे आमचं चेंबर, मूळचं उपग्रहासाठी नाहीच. त्यात पूर्वी नळाच्या तोट्यांना आणि घड्याळांच्या पट्ट्यांना सोनेरी मुलामा चढवायचे. तो कारखाना बंद पडला तेव्हा आमच्या सरांनी चेंबर विकत घेतलं, आणि चेंबर चालवणारी बाई म्हणून मीही त्याच्याबरोबर आले. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून मी आयुष्यभर तोट्यांना सोनं लावत होते. मग एका दिवशी त्याच चेंबरच्या काचेतून निळा प्लाझ्मा बघितला आणि म्हटलं, आता मी इथून हलत नाही. सर माझ्यापेक्षा बरेच लहान. परदेशात शिकून आलेले, मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात भाड्याने राहायचे. हुशार माणूस, पण धीर जरा कमी.

आमच्या इंजिनाचा जोर किती, हे मी एकदा घरच्या लग्नात सांगून बसले. वडिलांची होडी आता माझा मोठा भाऊ चालवतो. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "रॉकेट बनवतंस म्हणं, जोर किती हाय त्याला?"

मी खरं ते सांगितलं. "तळहातावर पापड ठेवला तर हाताला जेवढा भार वाटेल, तेवढा."

"मंग तो पापडच तलून खा ना," तो म्हणाला. मांडव हसला. तेव्हापासून मोरव्यात मी पापडवाली.

मला राग आला, आणि राग आला की मी गप्प बसत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला धरून बंदरावर नेलं. भरती येऊन थांबली होती, वारा नव्हता, त्याची होडी पाण्यावर नुसती उभी होती. मी त्याला दोर सोडायला लावला आणि होडीच्या कडेला एक बोट टेकवलं. नुसतं बोट, आणि ते काढलं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही, भाऊ दात काढत होता. मग होडी हलली. हलली ती थांबेना. वेग धरत गेली आणि शेजारच्याच्या होडीवर जाऊन धडकली. शेजाऱ्याने भावाच्या नावाने जो शंख केला, तो ऐकून माझं पोट भरलं. "वर आकाशात पाणी पण न्हाय अडवायला," मी त्याला म्हटलं. "पापडाचा जोर महिनोन्महिने लावत राहायचा." पापडवाली हे नाव मात्र राहिलं ते राहिलंच.

तर ते भोकांचं कडं. ते आम्ही शेजारच्या गाळ्यातल्या टर्नर मास्तरांकडून करून घेतो. मास्तर वयस्कर, लेथवर हात असा की बघत राहावं. भोकं पाडून झाली की कडं उजेडाला धरतात आणि एकेक भोक बघतात. चहाची वेळ झाली की आमच्याकडे येतात आणि "माझं कडं कुठे?" म्हणून विचारतात. त्यांच्या लेखी इंजिन म्हणजे ते कडं. बाकी सगळी त्याची सजावट.

उपग्रह बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस आमचं इंजिन बघायला येणार होता. त्यांना पसंत पडलं तर आमच्या हातात खरं काम. सरांच्या मनात मात्र बरेच दिवस दुसरंच चाललं होतं. सगळा बाडबिस्तरा बंगळुरूला हलवायचा. तिथे सगळी या धंद्यातली माणसं, तयार जागा, कोरडी हवा. मला म्हणायचे, "मॅडम, तुम्हीपण चला." मी म्हणायचे, मी का जाऊ? माझं घर इथे, माझं चेंबर इथे. चेंबर इथे म्हटलं की ते हसायचे, कारण चेंबर त्यांचं होतं. ते ट्रकवर चढलं की माझ्याकडे काय उरणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पुन्हा तोट्या. तेसुद्धा कोणी ठेवून घेतलं तर.

माणूस यायच्या आदल्या दिवशी मी कडं धुऊन, तापवून, सुकत ठेवलं होतं खिडकीजवळच्या टेबलावर. सकाळी आमच्यातल्या एका इंजिनियरने हातमोजे घालून ते बसवलं, चेंबर बंद केलं, पंप लावले. पाहुणे आले, खुर्चीवर बसले. इंजिन पेटलं आणि लगेच तडतडायला लागलं. ठिणग्या, मग अंधार. पुन्हा पेटवलं, पुन्हा तेच. पाहुणे सभ्य होते, चहा संपवून म्हणाले, अजून एकदा येईन, तयार झालं की कळवा.

दार उघडलं तर पांढऱ्या सिरॅमिकवर काळं वर्तुळ. डोळ्यांत काजळ घातल्यासारखं. मी हातमोज्याने कडं काढलं, बोटं बुळबुळीत झाली. वास घेतला आणि कळलंच. तो वास मी रोज चहाच्या वेळी घेते.

"मास्तर, तुम्ही याला तेल लावलंत?"

"मग?" मास्तर म्हणाले. आमच्याकडून आभाराची वाट बघत असल्यासारखे. "संध्याकाळी बघायला आलो, तर उघडंच टाकलेलं तुम्ही. तेही खिडकीशी. खारा वारा नुसता येतोय. चांगलं पुसलं, भोकांत पण सोडलं."

"स्टेनलेस आहे हो ते."

"स्टेनलेस आहे म्हणून काय झालं? हवा कोणाची आहे?"

आता याला काय बोलायचं? बाईने बाळाला तीट लावावी तसं त्यांनी ते केलं होतं. पण सर चिडले. मास्तरांसमोर, सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हणूनच मला इथे राहायचं नाही. ही हवा, हे तेल, ही इथली माणसं. इथे हे काम होणारच नाही."

मास्तरांनी मान खाली घातली. चहावाला किटली घेऊन दारात आला होता, तो तिथेच थांबला. आणि माझं डोकं सटकलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तोंडावर म्हटलं. म्हटलं, सर, दारावर एक पाटी लावली असती, हात लावू नये, तर काही झालं नसतं. ती कोणी लावली नाही. आणि इथली माणसं म्हणजे कोण? मीपण इथलीच. "याच हवेत, याच मास्तरांच्या हातचं कडं घालून, मी हे इंजिन चालवून दाखवते."

"चालवा," सर म्हणाले. "पाहुण्यांसमोर सकाळी पेटवा. दिवेलागणीपर्यंत विझलं नाही, तर इथेच राहू. विझलं, तर मी ट्रक बोलावतो."

उचलली जीभ लावली टाळ्याला. ते चालेल असं त्यांना वाटतच नव्हतं. पण आमच्यात होडीचा व्यवहारसुद्धा बंदरावर चार माणसांसमोर बोलून होतो, आणि बोललेला शब्द कोणी गिळत नाही. मी लगेच मागे वळले. "भैया, सुना ना?"

"सुना," चहावाला म्हणाला.

"मास्तर, ऐकलंत ना?"

मास्तर आपल्या गाळ्याकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते चहाला आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. शेवटी मीच त्यांच्या गाळ्यात गेले. लेथ बंद होता आणि ते स्टुलावर बसून हात पुसत होते, हात स्वच्छ असताना.

"दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, ताई," ते म्हणाले. "माझा हात आता वाईट ठरला."

"मास्तर, रुसायला मला वेळ नाही. नवीन कडं पाहिजे, आणि तुमच्याच हातचं पाहिजे. नाहीतर मी काय बोलले त्याला अर्थ काय राहतो?"

"आणि तेल?"

"तेल नाही."

"कोरडा माल या गाळ्यातून कधी बाहेर गेला नाही. पोराला अंगात कपडा न घालता लग्नाला धाडल्यासारखं वाटतं."

मी त्यांना समजावलं. पोकळीत तेल जागेवर राहत नाही, त्याची वाफ होते. ती वाफ प्लाझ्मात सापडली की तिची काजळी होते, आणि काजळी सिरॅमिकवर बसते. सिरॅमिकचं कामच वीज अडवायचं. काजळीतून वीज जाते. मग इंजिन स्वतःलाच शॉक देत बसतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आत खारी हवा अजिबात नसते?"

"हवाच नसते, मास्तर."

"मग गंजणार कसं," ते म्हणाले, आणि लेथ सुरू केला.

कडं तयार झालं तेव्हा त्यांनी ते उजेडाला धरून बघितलं आणि कोरडंच माझ्या हातात दिलं. देताना दुसरीकडे बघत होते. मग ते धुणं, भट्टीत तापवणं, स्वच्छ फॉइलमध्ये गुंडाळणं, हे सगळं चालू असताना मास्तर आमच्या गाळ्यात स्टूल टाकून बसले. हात पाठीमागे बांधलेले. "मी हात लावणार नाही," म्हणाले. "दुसरा कोणी लावतोय का ते बघतो." पाटी मी लावली होतीच, पण पाटीपेक्षा मास्तरांचा धाक जास्त होता. सर आत आले तर त्यांनाही म्हणाले, "साहेब, लांबून."

पाहुणे ठरल्याप्रमाणे पुन्हा आले. पंप आदल्या दिवसापासून चालू होते, आतली हवा निघाली होती. चेंबरच्या काचेतून आत इंजिन दिसत होतं, लंबकासारखं टांगलेलं, कारण जोर मोजायचा असतो तो असाच. ते किती सरकलं त्यावरून. चेंबर मात्र बाहेरून कसं दिसत होतं ते सांगायची लाज वाटते. त्याचे चार पाय साध्या लोखंडाचे, आणि चारही लाल झाले होते. मी कितीदा म्हटलं रंग लावू या. सर म्हणायचे, हलवायचंच आहे, कशाला.

मी गरम करायचा स्विच दाबला. इंजिनाच्या बाजूची बारीक नळी लाल झाली, तिच्यातून इलेक्ट्रॉन निघतात. वायू सोडला. व्होल्टेज चढवलं. जांभळट असं काही लुकलुकलं आणि गेलं. सरांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मी पुन्हा वायू वाढवला. "पेट ना गो बाय," मी म्हटलं, मोठ्यानेच म्हटलं, पाहुणे असोत की कोणी असो. आणि ते पेटलं. खाचेत निळ्या उजेडाचं कडं उभं राहिलं आणि त्यातून निळा झोत बाहेर आला, आवाज नाही, थरथर नाही. लंबक केसभर सरकला. पाहुणे खुर्चीतून उठून काचेला नाक लावून उभे राहिले.

दुपारी मात्र करंट वरखाली व्हायला लागला. इंजिनियर म्हणाला, मॅडम, व्होल्टेज कमी करू या, नाहीतर बंद करून पुन्हा पेटवू. बंद केलं असतं तर विझलं असतं, आणि विझलं असतं तर ट्रक. सिरॅमिक हवेतला ओलावा पिऊन बसतं, तापलं की तो सोडतं. मला वाटत होतं तेच असेल. वाटत होतं, खात्री नव्हती. मी म्हटलं, हात लावू नका कोणी. मास्तर म्हणाले, "ताई बोलल्या ना, हात लावू नका." आम्ही सगळे करंटच्या काट्याकडे बघत राहिलो. हळूहळू काटा शांत झाला. मी तेव्हा कुठे पाणी प्याले.

उन्हं उतरायला लागली तसे पाहुणे म्हणाले, "मला हवं ते सगळं मिळालं. बंद केलंत तरी चालेल."

"बंद करा मॅडम," सर लगेच म्हणाले. "झेनॉन उगाच वाया जातोय."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे उद्या म्हणायला मोकळे, की दिवेलागणीपर्यंत कुठे चाललं होतं. मी स्विचबोर्डाला पाठ लावून उभी राहिले.

"अजून दिवेलागण झाली नाही, सर."

"मॅडम, साहेब स्वतः सांगतायत."

"साहेबांचं काम झालं, त्यांनी खुशाल जावं. माझं व्हायचंय."

पाहुण्यांना काही कळेना. त्यांनी विचारलं, काय भानगड आहे? सरांचे कान लाल झाले. शेवटी मास्तरांनीच सांगितलं, दोन वाक्यांत, काही न वाढवता. पाहुणे हसले, बॅग खाली ठेवली आणि म्हणाले, मग मीपण थांबतो. चहावाल्याला आणखी एक चहा सांगितला. एवढा मोठा माणूस, पण त्याला मजा वाटत होती. मला वाटत नव्हती. माझे पाय दुखत होते, आणि मी मनात त्या निळ्या कड्याला विनवत होते की आता नको विझूस, आता विझलंस तर मी कुठे तोंड दाखवू.

मग चहावालाच वर आला, किटलीशिवाय. "मॅडम, बाहर लाइट लग गया."

खिडकीतून बघितलं. गल्लीतले दिवे लागले होते, खालच्या पॉलिशवाल्यांनी शटर अर्धं ओढलं होतं. मी आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग वळले आणि स्विच बंद केला. निळं कडं गेलं, आतली नळी तेवढी लाल राहिली, ती विझत गेली. मी म्हटलं, "सर."

सर खाली बघून काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने, सर. मास्तरांना ऐकू आलं नाही."

त्यांनी मान वर केली. त्या वेळी मला त्यांची थोडी दयाही आली. दमलेला होता बिचारा, त्याचंही सगळं या टाकीत अडकलेलं. पण दया आली म्हणून मी शब्द सोडून द्यायला तयार नव्हते.

"इथेच राहू," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कुठेही जायचं नाही."

पाहुण्यांनी सरांचा हात हातात घेतला. इंजिनियर बातमी कळवायला फोनकडे धावला. मास्तर स्टुलावरून उठले, दिवसभर पाठीमागे बांधलेले हात त्यांनी सोडले, चोळले, आणि सवयीने खिशातून फडकं काढून चेंबरच्या दाराकडे निघाले. दिवस संपला होता, माल बिनतेलाचा होता. मी मध्ये जाऊन त्यांचा हात धरला. ते दचकले, फडक्याकडे बघितलं आणि ओशाळून ते परत खिशात घालायला लागले.

"घालू नका," मी म्हटलं. "वर नको. चेंबरच्या पायांना लावा, मास्तर. चारही पायांना, चांगलं चोळून लावा. यांना आता याच हवेत उभं राहायचंय."

मास्तर गुडघ्यांवर बसले आणि लाल झालेल्या पहिल्या पायाला तेल लावायला लागले.